पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके: पत्रा गंजलेला नाही, रंगकामाची घाई करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी पांढरी, तीन वर्षं जुनी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या आवारात रोज आठ-दहा तास उघड्यावर उभी असते. टपावर, बोनेटवर आणि डिकीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी-तपकिरी ठिपके आले आहेत. शाम्पूने धुतलं तरी जात नाहीत, हात फिरवला की खरखर लागते. एक गॅरेजवाला म्हणतो पत्रा आतून गंजतोय, पूर्ण गाडी रंगवावी लागेल. दुसरा म्हणतो रबिंग मारून देतो, चकाचक होईल. शेजाऱ्यांनी रॉकेलचा बोळा सुचवलाय. नक्की काय झालंय, काय करावं, आणि गाडीवर कव्हर घालावं का?

पैसे देण्याआधी बंपर बघा. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यात गंजायला काहीच नसतं. मागच्या बंपरच्या वरच्या आडव्या भागावर आणि आरशांच्या प्लास्टिकच्या टोप्यांवर तेच नारिंगी ठिपके असतील, तर लोखंड बाहेरून येऊन बसलंय. पत्र्याचा त्यात काही दोष नाही. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की ठिपके तिथेही सापडतील, कारण टप, बोनेट आणि डिकी या आकाशाकडे तोंड असलेल्या जागा आहेत. वरून पडणारी गोष्ट आधी तिथेच बसते. दारांवर ठिपके कमी असतील.

आतून येणारा गंज असा पसरत नाही. दगड लागून टवका उडालेला असतो तिथे, दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीच्या आतल्या घडीत किंवा काचेच्या रबराखाली तो सुरू होतो. रंगाला फोड येतो, नखाने दाबलं की पापुद्रा सुटतो. सगळ्या टपावर सारखे बारीक ठिपके आणि मधला रंग ठणठणीत, असं आतल्या गंजाचं रूप नसतं. अजून शंका असेल तर एक लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि वायपरखालच्या जाळीत साचलेल्या धुळीतून फिरवा. काळा कीस चिकटून आला की उत्तर मिळालं.

हा कीस येतो कुठून, हे शिरोलीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ओतकाम साच्यातून निघालं की फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला जातं, ग्राइंडरवर त्याचे कंगोरे घासले जातात, शॉट ब्लास्टिंग म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा मारा होतो. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले बारीक कणच. गाडी जवळ असेल तर काही कण गरम असतानाच रंगावर पडतात आणि वरच्या पारदर्शक थरात रुततात. लांबून वाऱ्यावर आलेले थंड कण नुसते बसतात, पण उन्हाने तापलेल्या रंगावर तेही हळूहळू घट्ट धरतात. मग ओलावा मिळतो आणि कण गंजायला लागतो. गंजलेल्या लोखंडाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं, त्यामुळे कण फुगतो, आजूबाजूचा थर ढकलतो आणि नारिंगी डाग पसरवतो. उन्हाळाभर चिकटलेलं लोखंड काळसर असतं, पांढऱ्या गाडीवरही पटकन दिसत नाही. जूनमध्ये चार सरी पडल्या की ते एकदम रंग दाखवतं आणि लोक पावसाला दोष देतात.

हे फक्त फाउंड्रीपुरतं नाही. रेल्वेमार्गाला लागून गाड्या उभ्या असतात तिथेही हाच प्रकार होतो. चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाची भुकटी उडत असते. या धंद्यात तिला रेल डस्ट म्हणतात. नव्या गाड्या रेल्वेने पाठवल्या जातात, त्यामुळे शोरूममधून कोरी करकरीत घेतलेल्या गाडीवरही ती कधीकधी निघते. तुमच्या स्वतःच्या ब्रेकचीही भर असते. ब्रेकची डिस्क बिडाची असते, म्हणून चाकांवर आणि चाकांमागच्या भागावर असे कण हमखास असतात.

आता रंगाबद्दल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. आपले पेंटर त्याला लॅकर म्हणतात. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीची चमक आणि उन्हापासूनचा बचाव केसाहून पातळ थरावर अवलंबून आहे, आणि तो पुन्हा भरून येत नाही. रबिंग म्हणजे हाच थर घासून कमी करणं. तो घासायची वेळ येऊ शकते, पण ती सगळ्यात शेवटी.

पूर्ण गाडी रंगवण्याचा सल्ला मला मान्य नाही. कंपनीत नुसती बॉडी भट्टीत घालून साधारण १४० अंश सेल्सिअसला रंग भाजतात. तयार गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर आणि गाद्या असतात, ती तेवढी तापवता येत नाही. चांगल्या गॅरेजची पेंट बूथही ६० अंशांच्या आसपास चालते. तिथला रंग वाईट असतो असं नाही, अपघातानंतर तोच लागतो. पण निरोगी कंपनी रंग खरवडून त्या जागी गॅरेजचा रंग घ्यायचा, हा तोट्याचा सौदा आहे. पुढे गाडी विकताना घेणारा जाडी मोजायचं यंत्र लावतो, आकडे जास्त दिसले की अपघाताचा संशय घेतो आणि भाव पाडतो. रोग एक आणि औषध दुसरं असं होऊ देऊ नका.

रॉकेलही इथे चालणार नाही. रॉकेल डांबर विरघळवतं, लोखंडाला काही करत नाही. पुसल्यावर तेलकट चमक येते, म्हणून लोकांना गुण आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याच तेलकटपणावर धूळ बसते, आणि काचेच्या रबरांना रॉकेल लागून ती फुगतात ते वेगळंच. संडास साफ करायचं ॲसिड तर गाडीच्या आसपासही आणू नका. ते गंज काढतं हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्रोम काळवंडतो, ॲल्युमिनियम खराब होतं आणि पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खाल्ला जातो. दाराच्या जोडांत आणि फटींत उरलेलं ॲसिड आज नसलेला गंज खरोखर सुरू करतं.

माझी पद्धत एका क्रमाची आहे: आधी पाणी, मग रसायन, मग क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी), आणि गरज असली तरच पॉलिश. जे विरघळून निघतं ते घासून काढायचं नाही, इतकंच त्यामागचं कारण.

धुण्यापासूनच जपायला हवं. फाउंड्रीच्या आवारातल्या धुळीत लोखंडाबरोबर साच्यांची वाळूही असते, आणि ती वाळू काचेवरही चरे पाडते. सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपल्याकडे सवय आहे, ती तुमच्या बाबतीत आजपासून बंद. आधी प्रेशरने नुसतं पाणी मारून सुटी धूळ खाली पाडा, फोम टाकून पाच मिनिटं निथळू द्या, पुन्हा पाणी मारा आणि त्यानंतरच मायक्रोफायबरचा हातमोजा लावा. बादल्या दोन घ्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत मोजा खंगाळायला साधं पाणी. सावलीत करा, बोनेट हाताला गार लागलं पाहिजे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काळी राख उडते आणि सकाळी गाडीवर सडा पडलेला असतो. दिसायला ती मऊ असते, बोटाने चिरडते, म्हणून सगळे ती पुसतात. पण बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. ती फुंकून किंवा पाणी मारूनच काढायची. त्या पट्ट्यातल्या काळ्या गाड्यांवर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात, त्यातले बरेचसे या पुसण्याचे असतात.

धुऊन झालं की डांबर बघा. दारांच्या खालच्या भागात आणि चाकांमागे काळे चिकट ठिपके असतील तर टार रिमूव्हर कापडावर घेऊन त्यावर मिनिटभर ठेवा आणि पुसा. घासायचं नाही, विरघळू द्यायचं. हे लोखंडाच्या आधी करतो, कारण डांबराखाली दडलेल्या कणापर्यंत पाण्यासारखं पातळ रसायन पोचत नाही.

आता मुख्य काम. बाजारात आयर्न रिमूव्हर किंवा फॉलआउट रिमूव्हर नावाने जे मिळतं, त्यात बहुधा अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायला जे लोशन वापरतात, त्याच कुळातलं रसायन. वास कुजलेल्या अंड्यासारखा असतो आणि तो टाळता येत नाही, म्हणून उघड्यावर काम करा, हातात नायट्राइलचे मोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. त्याचं काम असं चालतं: ते लोखंडाला धरून पाण्यात विरघळणारं जांभळं संयुग बनवतं. फवारलं की मिनिटाभरात प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ सुटतो. पांढऱ्या गाडीवर हे पहिल्यांदा बघताना माणूस घाबरतो. घाबरू नका, तो रंग तुमच्या गाडीचा नाही, बाहेर पडणाऱ्या लोखंडाचा आहे. ते साधारण उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्क असतं, म्हणून क्लिअर कोटला धक्का न लावता लोखंड काढतं. तीव्र ॲसिडाला हे जमत नाही.

वापरताना चुका होतात त्या अशा. गाडी निथळत असतानाच फवारलं तर रसायन पातळ होतं, म्हणून पाणी थोडं टिपून घ्या. एकदम सगळ्या गाडीवर मारू नका, टप झाला की बोनेट, मग डिकी. तीन ते पाच मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. वाळलं तर त्याचेच डाग पडतात आणि ते काढणं जिकिरीचं असतं. वाळायला लागलंय असं वाटलं तर पुन्हा थोडं फवारा किंवा सरळ धुऊन टाका. फटींत आणि नंबरप्लेटमागे प्रेशरने भरपूर पाणी मारा. आणि दुसऱ्या कुठल्याही रसायनात, विशेषतः ॲसिडात, हे मिसळू नका, विषारी वायू सुटू शकतो.

तुमच्या गाडीला एका फेरीत भागेल असं मला वाटत नाही. तीन वर्षांचं साचलेलं आहे. पहिल्या फेरीत वरचं लोखंड जातं, दुसऱ्या फेरीत खालचं उघडं पडतं. दोन-तीन फेऱ्या सावकाश, मध्ये धुऊन. जांभळा रंग यायचा थांबला तरी काही जागी नारिंगी छटा राहिली, तर तेवढ्याच ठिकाणी ऑक्झॅलिक ॲसिडवर आधारित गंज काढणारं जेल काडीच्या कापसाने लावून दोन-तीन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावं. ते विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि आधी बंपरच्या खालच्या कोपऱ्यात लावून बघा.

यानंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या बोनेटवरून बोटं फिरवा. पिशवीमुळे उघड्या बोटांना कळत नाही ती खरखरही कळते. कुठे खरखर उरली असेल तिथे क्ले बार. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी असते, तिच्यात अगदी बारीक घासणारी भुकटी मिसळलेली असते. तादाओ कोदाते या जपानी संशोधकाने तिला रूप दिलं आणि १९९० च्या दशकात तिची अमेरिकी पेटंटं घेतली. त्याआधी रंगात रुतलेल्या कणांवर रबिंगशिवाय फारसा उपाय नव्हता. क्ले फिरताना वर डोकावणारा कण कापते आणि ओढून घेते, सपाट भागाला जवळजवळ हात लावत नाही. रबिंग सगळ्या थरालाच कमी करतं. मला क्लेबद्दल एवढी आस्था आहे ती यासाठी.

वडीतून लहान तुकडा तोडा, हातावर चपटा करा. पृष्ठभागावर क्लेचं ल्युब्रिकंट किंवा शाम्पूचं बुळबुळीत पाणी सढळ हाताने मारा. दोन फूट बाय दोन फुटांचा भाग घ्या, सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल गोल नको. दाब तुकड्याच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. सुरुवातीला हाताला आणि कानाला करकर जाणवते, मग तुकडा गप्प सरकायला लागतो. गप्प झाला की थांबा. दर एक-दोन मिनिटांनी बघा, काळा झाला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर घ्या. तुकडा जमिनीवर पडला तर फेकून द्या, पुसून वापरू नका. खाली पडलेल्या तुकड्यात अडकलेला एक खडा सगळ्या बोनेटवर ओरखडे काढू शकतो. क्ले बारीक, मध्यम आणि जाड अशी मिळते. बारीकच घ्या. रसायन आधी नीट केलं असेल तर जाड क्लेची गरज पडत नाही. आणि रसायन टाळून थेट क्ले करायचा मोह होईल तो आवरा, कारण मग कापलेलं टणक लोखंड क्लेमध्ये अडकून तुमच्याच रंगावरून फिरतं.

गाडी मॅट रंगाची असती तर क्ले आणि पॉलिश दोन्ही नको म्हटलं असतं, त्यावर मध्येच चमकदार डाग पडतात. नुकत्या रंगवलेल्या भागालाही महिनाभर हात लावू नये. तुमचा यातला काही प्रश्न नाही. पांढऱ्या रंगावर क्लेचे हलके ओरखडे दिसतही नाहीत. काळी गाडी असती तर नंतर पॉलिश धरूनच चालावं लागलं असतं.

काही ठिपक्यांच्या जागी लोखंड निघून गेल्यावर सूक्ष्म खड्डा राहील. तो उन्हात, जवळून आणि शोधलात तर दिसेल. तो राहू द्या, असं माझं ठाम मत आहे. मशीनवर मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने एक हलका हात फिरवला तर एक-दोन मायक्रॉनच जातात आणि चमक परत येते, एवढं चालेल. पण प्रत्येक खड्डा सपाट करायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत सगळा क्लिअर कोट उतरवायचा. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड घेऊन कोणी तसं करायला लागला तर थांबवा. आणि लोखंड काढण्याआधी मशीन लावू देऊ नका, कण पॅडमध्ये अडकून फिरतात.

एक खुलासा, कारण डाग सगळेच सारखे नसतात. फवारल्यावर जांभळं न होणारे पांढुरके गोल डाग दिसले तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. वॉशिंग सेंटरवर बोअरचं पाणी मारून गाडी उन्हात वाळवली की होतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यावर घ्या, दोन मिनिटं ठेवा, धुवा. मात्र आयर्न रिमूव्हर पूर्ण धुतल्याखेरीज व्हिनेगर लावायचं नाही. सिमेंटचे शिंतोडेही असेच पुन्हा पुन्हा भिजवून सोडवावे लागतात, नखाने उपटायचे नाहीत. गेट रंगवताना उडालेले फवाऱ्याचे कण क्लेने जातात. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसली त्याच दिवशी भिजवून काढा, उन्हात राहिली तर क्लिअर कोटमध्येच खूण उमटते आणि तिच्यावर यातलं काहीच चालत नाही.

या सगळ्यानंतर रंगावर जुन्या वॅक्सचा मागमूस राहत नाही, त्यामुळे त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (रंगावरचा संरक्षक लेप) लावा. सिरॅमिक कोटिंगचा आग्रह झाला तर एवढं लक्षात घ्या की गरम ठिणगी ते अडवत नाही. त्याच्यावर बसलेला कण पुढच्या वेळी लवकर सुटतो, फायदा इतकाच. कोटिंग करून घेणारच असाल तर आधी आयर्न रिमूव्हर आणि क्ले समोर उभं राहून करून घ्या. लोखंडावर कोटिंग मारलं तर ते आत कोंडलं जातं, आणि मग कोटिंगच घासून काढावं लागतं.

कव्हर घालू नका. फाउंड्रीच्या आवारात ते घालेपर्यंत गाडीवर धूळ बसलेली असते, वाऱ्याने कापड हलतं आणि वाळू दिवसभर रंगावर घासत राहते. पावसाळ्यात खाली ओल धरून राहते ती आणखी वाईट. जागा बदलता आली तर बघा. कोल्हापुरात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा फेटलिंग शॉपच्या पश्चिमेला गाडी लावली तर कीस गाडीपासून लांब जातो. थंडीत वारा पूर्वेकडून असतो, तेव्हा उलट बाजू. नुसतं पत्र्याचं छप्पर मिळालं तरी वरून पडणारं बरंच अडतं.

तुमच्या जागेवर हे काम वर्षातून दोनदा तरी लागेल. मे महिन्याच्या शेवटी आयर्न रिमूव्हरची फेरी चुकवू नका, कारण उन्हाळ्यात साचलेलं लोखंड पहिल्या पावसाआधी निघालं तर ते गंजतच नाही. दुसरी फेरी दिवाळीच्या आसपास. क्ले मात्र पिशवीच्या चाचणीत खरखर लागली तरच.